नकाशावरची दुसरी तारा

पत्र:

नमस्कार. माझं नाव तारा. काही वर्षांपूर्वी नकाशा चाळताना मॉन्टेनेग्रो देशात 'तारा' नावाची नदी दिसली. तेव्हापासून मी तिथलं हवामान बघते, फोटो जमवते, तिथे पूर आल्याची बातमी वाचली की दिवसभर चैन पडत नाही. त्या देशाशी माझा काडीचा संबंध नाही, भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. घरचे हसतात. त्यात आता आयर्लंडमध्येही तारा आहे, रशियातही आहे असं कळलं, आणि मग आपली नक्की कुठली, असा प्रश्न पडला. हे वेड आहे का? नसेल तर या ओढीचं करायचं काय? आणि एवढं करून तिथे गेले आणि काहीच वाटलं नाही तर?
– तारा

उत्तर:

ताराताई,

वेड नाही. स्वतःच्या नावाकडे लक्ष ओढलं जाणं हा मनाचा अगदी पक्का धर्म आहे. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे या मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि एकाच कानाकडे लक्ष द्यायला सांगितलं. दुसऱ्या कानात काय चाललंय याचा लोकांना पत्ता नव्हता, पण तिथे स्वतःचं नाव उच्चारलं गेलं की बऱ्याच वेळा ते त्यांना ऐकू आलं. पुढे १९८५ मध्ये बेल्जियमच्या योझेफ नुटिन यांनी दाखवलं की अक्षरांमधून आवडतं अक्षर निवडायला सांगितलं, तर माणसं नकळत स्वतःच्या नावातली अक्षरं जास्त निवडतात. एका अक्षराची ही गोष्ट, तर आख्खं नाव एका नदीवर लिहिलेलं दिसल्यावर तुमचा हात नकाशावर थबकला यात नवल नाही.

पण पुढचं पाऊल जपून टाकायचं. २००२ मध्ये ब्रेट पेल्हॅम आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नोंदी तपासून असं मांडलं की लोक आपल्या नावासारख्या नावाच्या राज्यांत जास्त राहतात: लुइझियानात लुइझ नावाच्या बायका, जॉर्जियात जॉर्जिया नावाच्या. यावरून 'नाव माणसाला जागेकडे ओढून नेतं' असा समज पसरला. २०११ मध्ये उरी सिमन्सन यांनी असे बरेच निष्कर्ष पुन्हा तपासले आणि त्यांची साधी कारणं दाखवली. त्यातलं एक म्हणजे जॉर्जियात जन्मलेल्या मुलींचं नाव जॉर्जिया ठेवण्याची शक्यता मुळात जास्त असते. जागा आधी, नाव नंतर. म्हणजे नावाची ओढ खरी आहे, पण नाव आपलं आयुष्य ठरवतं याला भक्कम आधार नाही. म्हणून एवढंच सांगतो: वाचावंसं वाटणं, तिथली लिपी शिकावीशी वाटणं, एकदा जाऊन यावंसं वाटणं, यासाठी ही ओढ पुरेशी आहे. नोकरी सोडणं, तिथे जमीन घेणं, कायमचं स्थायिक होणं, असे निर्णय निव्वळ तिच्यावर घेऊ नका. त्यांना दुसरी कारणं लागतात.

आता 'आपली कुठली' हा प्रश्न. त्यासाठी आधी सगळ्या तारा एकदा कागदावर मांडा. नेहमीच्या नकाशाच्या ॲपमध्ये शोधू नका. ते तुमच्या आसपासची त्या नावाची दुकानं आणि इमारती आधी दाखवतं. त्याऐवजी 'जिओनेम्स' हा खुला स्थळनामकोश वापरा. त्यात वसाहती, जलप्रवाह, डोंगर, प्रशासकीय विभाग असे वर्ग आहेत. शोधताना वर्ग निवडला की गाव आणि नदी यांची सरमिसळ होत नाही. मग 'ओपनस्ट्रीटमॅप'वर तेच ठिकाण पडताळा. वहीत प्रत्येक तारेला एक पान द्या आणि त्यावर या गोष्टी लिहा: अक्षांश-रेखांश, स्थानिक लिपीतलं नाव, स्थानिक उच्चार, नाव कुठून आलं, ते कुठे वाचलं आणि कोणत्या तारखेला वाचलं. शेवटची दोन कलमं कंटाळवाणी वाटतात आणि बहुतेक जण तीच गाळतात. सहा महिन्यांनी दोन माहित्या एकमेकींना खोडतात, तेव्हा कुणावर विश्वास ठेवायचा हे त्यावरूनच ठरतं.

शोधताना दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. पहिलं लिपीमुळे. रोमन अक्षरांत शोधलं तर रशियन आणि सर्बियन पानं अर्धीही सापडत नाहीत, म्हणून सिरिलिक लिपीतलं नाव उतरवून तेही टाका. मात्र रशियनमध्ये 'तारा' म्हणजे खोकी, बाटल्या, पिंपं असलं वेष्टनाचं सामानही, त्यामुळे नुसतं नाव टाकलं तर कारखान्यांच्या जाहिरातीच समोर येतात. नावाला नेहमी एक जोडशब्द द्या. रशियातल्या शहरासाठी त्याच्या प्रांताचं नाव 'ओम्स्क', तुमच्या नदीसाठी तिच्या काठचं गाव 'कोलाशिन' किंवा जवळचा पर्वत 'दुर्मितोर'. दुसरी फसगत उच्चारात. स्पेलिंग तेच असलं तरी आयर्लंडमधल्या टेकडीचं नाव इंग्रजीत 'टॅरा'च्या जवळ जातं आणि आयरिश भाषेत तर तिचं नाव खूपच वेगळं आहे. आयर्लंडचा अधिकृत स्थळनामकोश इंटरनेटवर खुला आहे, तिथे जुनी रूपं पाहता येतात. मॉन्टेनेग्रोतल्या नदीचा 'त' मात्र दंत्य आहे, थेट आपल्यासारखा. स्थानिक माणसाच्या तोंडून एकदा ऐका, 'फोर्वो' या उच्चारकोशावर अशी ध्वनिमुद्रणं असतात.

इतक्या तारा पृथ्वीवर आल्या कुठून? आयर्लंडची टेकडी, सायबेरियात इर्तिश नदीकाठचं १५९४ मध्ये वसलेलं शहर, त्या शहराला नाव देणारी नदी, सर्बियातला पर्वत, जपानच्या सागा प्रांतातलं गाव, चिलीतलं उंचावरचं खारं सरोवर. यांतल्या बहुतेकींचा एकमेकींशी काही संबंध नाही. 'त' आणि 'र' ही व्यंजनं, 'आ' हा स्वर जगातल्या असंख्य भाषांत आहेत. दोनच अक्षरांचं नाव वेगवेगळ्या भाषांत आपापलं तयार होणं सोपं असतं. नाव जितकं छोटं, तितका योगायोग स्वस्त. लांब किंवा विशिष्ट नाव दूरवर सापडलं तर ते बहुधा कुणीतरी नेलेलं असतं. न्यूयॉर्क राज्यात 'डेलहाय' असा उच्चार होणारं एक गाव आहे, ते आपल्या दिल्लीवरूनच ठेवलेलं. तेव्हा प्रत्येक पानावर तीन गोष्टी तपासा: हे नाव पहिल्यांदा कधी लिहिलेलं सापडतं, त्या काळात तिथे कोणती भाषा बोलली जायची, आणि बाहेरून येऊन वसलेल्यांनी किंवा एखाद्या माणसाच्या गौरवासाठी ते दिलंय का. या तिन्हींची उत्तरं हाती आली की नातं योगायोगाचं की वंशाचं, ते कळतं. तुमच्या बाबतीत योगायोगाचंच आहे, असं आम्ही स्पष्ट सांगतो. त्याने काही बिघडत नाही.

मग आपली कुठली? जिच्या पुराची बातमी वाचून तुम्हाला चैन पडत नाही, ती. बाकीच्यांना एकेक पान द्या आणि थांबा. पाच-सहा तारांमागे एकदम धावणारा माणूस शेवटी नावांचा संग्रह करतो. त्याला एकही जागा ओळखीची होत नाही.

आयर्लंडच्या ताराबद्दल मात्र एक प्रसंग तुम्ही जाणून घ्यावा असं वाटतं. ही टेकडी म्हणजे परंपरेनुसार आयर्लंडच्या उच्च राजांचं आसन. तिथे ५,००० वर्षांहून जुनी कबर आहे. १८९९ ते १९०२ या काळात 'ब्रिटिश-इस्रायली' म्हणवणाऱ्या, म्हणजे ब्रिटिश लोक प्राचीन इस्रायलींचे वंशज आहेत असं मानणाऱ्या, काही लोकांनी तिथे खोदकाम केलं. बायबलमधली कराराची पेटी, म्हणजे दहा आज्ञांच्या शिळा ठेवलेली पवित्र पेटी, इथेच पुरली आहे अशी त्यांची खात्री होती. कवी येट्स, आयरिश भाषेचे अभ्यासक डग्लस हाइड अशा मंडळींनी जाहीर निषेध केला. पेटी मिळाली नाही, प्राचीन मातीचे बांध मात्र कायमचे उचकटले गेले. त्या लोकांचं टेकडीवर प्रेम नव्हतं असं नाही. पण आपली गोष्ट ते सोबत घेऊन आले आणि टेकडीची गोष्ट काय आहे हे विचारायला थांबले नाहीत. दूरच्या जागेशी नातं जोडणाऱ्याच्या हातून होणारी सगळ्यात मोठी चूक हीच. तुमच्या हातात कुदळ नाही, पण 'ही नदी म्हणजे मीच' असं म्हणत राहिलात तर नदी दिसेनाशी होते. नावामुळे तुम्ही तिच्याकडे वळलात, एवढं नावाचं काम झालं. आता तिची माहिती तिच्या बाजूने घ्या.

ती अशी. कोमोवी पर्वताच्या भागात वेरुशा आणि ओपास्नित्सा हे दोन प्रवाह मिळतात, तिथून तारा सुरू होते. कोलाशिन आणि मोइकोवात्स या गावांवरून ती खाली येते, मग चुनखडीच्या डोंगरांत शिरते. तिची घळ खोल जागी सुमारे १,३०० मीटर आहे, युरोपातल्या सर्वांत खोल घळींपैकी एक. साधारण १४५ किलोमीटर वाहिल्यावर श्चेपान पोल्ये इथे, बोस्नियाच्या सीमेवर, ती पिवा नदीला मिळते आणि दोघींची मिळून द्रिना होते. तिथे तारा हे नाव संपतं. पाणी पुढे सावा, मग डॅन्यूब, मग काळा समुद्र. घळीचा भाग दुर्मितोर राष्ट्रीय उद्यानात येतो, आणि ते १९८० पासून जागतिक वारसा यादीत आहे.

हा सगळा मार्ग एकदा बोटाने नकाशावर चाला, शक्यतो समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, चढ जितका उभा तितक्या त्या जवळ) असलेल्या नकाशावर. 'ओपनटोपोमॅप' फुकट आहे. मोइकोवात्सनंतर रेषा कशा एकमेकींना चिकटत जातात ते पाहिलं की तिथे रस्ता नदीच्या कडेने सतत का जात नाही, गावं पठारावर का आहेत, घळीवरचा पूल इतका उंच का बांधावा लागला, हे कुणी न सांगता कळतं. त्यानंतर उपग्रहचित्रं. युरोपच्या 'सेंटिनल-२' उपग्रहांची चित्रं 'कोपर्निकस ब्राउझर'वर मोफत मिळतात. एक ठिपका १० मीटरचा असतो, त्यामुळे नदी दोन-चार ठिपक्यांइतकीच रुंद दिसेल. घाबरू नका, जागा तीच आहे. ढगांचं प्रमाण २० टक्क्यांच्या आत ठेवून शोधा, नाहीतर पांढऱ्या चौकोनांशिवाय काही दिसत नाही. एप्रिल-मे आणि सप्टेंबर ही चित्रं शेजारी शेजारी ठेवा. दुर्मितोरवरचा बर्फ आधी असतो, नंतर नसतो. वितळलेला तो बर्फच वसंतात नदी फुगवतो. हिवाळ्याची चित्रं घेऊ नका, सूर्य खाली असल्याने घळीचा बराच भाग सावलीत जातो.

पुराच्या काळजीचं उत्तरही यातच आहे. बातमीचा मथळा वाचून दिवस घालवू नका. मॉन्टेनेग्रोची जलहवामान संस्था नद्यांच्या पाण्याची पातळी जाहीर करते. आठवड्यातून एका ठरलेल्या वारी तिथला आकडा वहीत लिहा. वर्षभरात तुम्हाला कळेल की वसंतात वाढलेली पातळी हा नदीचा नेहमीचा क्रम आहे, आणि खरोखर जास्त काय ते वेगळं ओळखू येईल. खरंच आपत्ती आली आणि मदत करावीशी वाटली तर तिथल्या रेडक्रॉससारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडेच पैसे द्या, समाजमाध्यमांवरच्या आवाहनांकडे नको.

नदीच्या अडचणीही ओळखीच्या करून घ्या, नुसते फोटो नकोत. द्रिनेवर धरण बांधून ताराच्या घळीत पाणी चढेल अशी योजना पुढे आली, तेव्हा लोकांनी मोठा विरोध केला आणि २००४ मध्ये मॉन्टेनेग्रोच्या संसदेने तारा नदीच्या रक्षणाचा ठराव केला. पुढे मॉन्टेनेग्रोतल्या नव्या महामार्गाचा ४१ किलोमीटरचा पहिला टप्पा बांधताना कोलाशिनच्या बाजूला नदीचं पात्र उकरलं गेलं, राडारोडा पडला, यावरून पुन्हा वाद झाला. हा टप्पा २०२२ मध्ये वाहतुकीसाठी खुला झाला. या दोन घटनांबद्दल स्थानिक वर्तमानपत्रांत काय आलं ते भाषांतराच्या साहाय्याने वाचा. पर्यटनाच्या जाहिरातीत जी नदी दिसते तिच्यापेक्षा ही जास्त खरी आहे.

लिपी शिकाच. मॉन्टेनेग्रोत लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही चालतात. सर्बियन सिरिलिकमध्ये ३० अक्षरं आहेत आणि एका अक्षराला एकच ध्वनी, त्यामुळे देवनागरीची सवय असलेल्याला ती चटकन येते. रोज पाच-सहा अक्षरं घेतलीत तर आठवड्याभरात पाट्या वाचता येतील. व्याकरण नंतर बघा. मग कोलाशिन किंवा मोइकोवात्सच्या सार्वजनिक ग्रंथालयाला एक पत्र लिहा. दहा ओळींच्या वर नको. आपण कोण, नदीची ओळख कशी झाली, आणि एकच प्रश्न, ज्याचं उत्तर ग्रंथपाल शेल्फवर हात घालून देऊ शकेल. 'नदीबद्दल सगळं सांगा' असं विचारलं की उत्तर येत नाही. 'नदीवरच्या जुन्या लाकूड वाहतुकीबद्दल तुमच्याकडे कोणतं पुस्तक आहे?' असं विचारलं तर येण्याची शक्यता बरीच. सोबत इंग्रजी आणि स्थानिक भाषा, दोन्ही मजकूर द्या. सहा आठवड्यांनी एकदा आठवण करा, त्यानंतर नको.

आणि एक अपेक्षा आत्ताच बदला. आपलं नाव ऐकून तिथले लोक चकित होतील असं तुम्हाला वाटत असेल. होणार नाहीत. सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोत तारा हे मुलींचं प्रचलित नाव आहे. तुम्ही नाव सांगाल आणि समोरचा मान हलवून पुढच्या कामाला लागेल. आम्हाला विचाराल तर हे चांगलंच आहे. परक्या देशात नावाचे हिज्जे समजावून सांगावे लागत नाहीत, हे भाग्य फार थोड्यांना मिळतं.

'जाऊन काहीच वाटलं नाही तर?' पहिल्या तासात बहुधा वाटणार नाही, हे धरूनच चला. लोक थेट ज्युर्जेविचा तारा पुलावर जातात. पूल भव्य आहे: १९३७ ते १९४० मध्ये बांधलेला, पाच कमानींचा. १९४२ मध्ये इटालियन सैन्याला रोखण्यासाठी त्याची एक कमान उडवली गेली. हे करण्यात मदत करणारा अभियंता लाझार याउकोविच पकडला गेला आणि त्याला गोळ्या घातल्या गेल्या. १९४६ मध्ये पूल पुन्हा उभा राहिला. पण पुलावर बसगाड्या, झिपलाइनच्या दोरावरून घसरणारे हौशी पर्यटक, फोटोंची गर्दी असते. दोन तासांत पाटीसोबत फोटो काढून परतणाऱ्याला रिकामं वाटतं, आणि त्याला नदी जबाबदार नाही. (फोटो काढा, पाटीला हात लावू नका. नावाच्या पाट्या पळवणाऱ्यांमुळे अनेक गावांना त्रास होतो, आणि तो गुन्हा आहे. पुलावर रहदारी असते, फोटोसाठी रस्त्यात उभं राहू नका.)

किमान चार रात्री ठेवा आणि नदीच्या क्रमाने जा, वरून खाली. बेलग्रेड-बार रेल्वे कोलाशिन आणि मोइकोवात्सला थांबते, त्यामुळे वरचा भाग गाडी न घेताही पाहता येतो. कोलाशिनजवळ नदी अजून उथळ असते, काठाशी जाऊन पाण्यात हात घालता येतो. पहिली भेट तिथे व्हावी असं आम्ही सुचवू. मग दुर्मितोरच्या पायथ्याच्या झाब्ल्याक गावात मुक्काम. तिथून चुरेवात्स या कड्यावर गेलात की घळ खाली दिसते. त्यासाठी पहिला दिवस ढगाळ असेल तर दुसरा हाताशी हवा, म्हणून झाब्ल्याकला दोन रात्री. शेवटी राफ्टिंग, तेही जमत असेल तरच.

राफ्टिंगचा हंगाम साधारण एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. एप्रिल-मेमध्ये बर्फाचं पाणी असल्याने प्रवाह जोरदार आणि पाणी अतिशय थंड. पहिल्यांदा जाणाऱ्याने जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ धरावा. पाण्याचा वेग कमी होतो, दगड वर येतात, होडी अधूनमधून ढकलावी लागते, पण आजूबाजूला बघायला सवड मिळते. पोहता येत नसेल तर आधी स्पष्ट सांगा. जीवरक्षक जाकीट, हेल्मेट आणि उबदार सूट या तिन्ही गोष्टी मिळत नसतील तर होडीत बसू नका. एका दिवसाच्या सफरी सहसा खालच्या टप्प्यात, श्चेपान पोल्येपर्यंत होतात. तिथे नदी हीच दोन देशांची सीमा आहे आणि बरेचसे तळ बोस्नियाच्या काठावर आहेत. मॉन्टेनेग्रोत युरो चालतो, बोस्नियात त्यांचं 'मार्क' हे चलन. दोन्ही देशांचे व्हिसाचे नियम वेगळे आहेत. एकदा बोस्नियात जाऊन परत मॉन्टेनेग्रोत यायचं असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही, आणि ही गोष्ट लोकांना सीमेवर उभं राहिल्यावर कळते. म्हणून पैसे भरण्याआधी सफर चालवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: मुक्काम कोणत्या देशात, होडीत चढायची आणि उतरायची जागा कोणत्या काठावर, आणि वाटेत पासपोर्ट तपासला जातो का. तिन्हींची उत्तरं लेखी घ्या आणि व्हिसाचा अर्ज त्यानुसार भरा.